सहावा फर्मा

खेतवाडीच्या मागल्या गल्लीत आमचं बाइंडिंग,
भर दुपारीही ट्यूबलाइट, खळीचा आंबूस वास.
मी आणि सायराबी फर्म्यांना घड्या घालतो,
सोळा पानांचा एक, हाडाच्या पट्टीनं दाबत.
वाचायचं नाही, पेडणेकर शेठ म्हणतात,
वाचलं की हात मंदावतो.
मी वाचते. हात मंदावत नाही,
कागद तेवढा अंगठ्याला जास्त कापतो.

त्या आठवड्यात दोन कादंबऱ्या एकदम आल्या.
एकीत एक गाव. नवी सून
उकळत्या दुधाचं पातेलं उघड्या तळव्यांवर घेऊन
विहिरीला पाच फेरे घालते.
मग फोड मोजतात,
जितके फोड तितकी वर्षं सुखाची.
लिहिणारी बाई कुठे आवाज चढवत नाही.
पुऱ्या तळल्या जातात. कुणी विचारतं,
दूध कोणत्या म्हशीचं गं, साय छान धरलीय.
सासू स्वतः लोणी लावते सुनेच्या हाताला,
माया असते हो त्या लावण्यात,
आणि लावणाऱ्या तळव्यांवर जुने, गुळगुळीत डाग.

दुसरीत थोरली लेक देवळातल्या समईला दिलेली.
शाळा नाही, लग्न नाही,
वात विझली तर दोन दिवस उपास.
पण इथे पुजारी दातओठ खातो,
विजा अगदी वेळेवर कडाडतात,
आणि सुबंधू मास्तर उंबऱ्यात उभा राहून विचारतो,
"कोणी सांगितलं?"
वाचून बरं वाटतं.
दातओठ काही मी खात नाही.
पहिलीनं मात्र रात्री झोप दिली नाही,
तिच्यात रागवायला कुणी सापडेना.

सायराबीला सांगितलं. ती म्हणाली,
दुसरी खपेल बघ.

शुक्रवारी लाइट गेले.
मेणबत्तीवर फर्मे जुळवले, टाके घातले,
सकाळी शेठनी प्रत उघडली आणि कपाळाला हात लावला.
वीस-वीस प्रतींत सहावा फर्मा
याचा त्यात, त्याचा यात.

ऐंशीव्या पानावर दूध उतू येण्याच्या बेतात,
एक्क्याऐंशीवर सुबंधू मास्तर.
सोळा पानं ओरडला बिचारा.
सत्त्याण्णववर बायका पुऱ्याच लाटत होत्या.
एकीनंही मान वळवली नाही.
पहिलीच ओळ होती:
"अगं, पाहुण्यांना पान वाढा."

आणि दुसऱ्या पुस्तकात मास्तर आलाच नाही.
तिथे सोळा पानं दूध, म्हशी, साय,
पुजारी दात खायला कुणाची वाट पाहतोय कोण जाणे.
मग सत्त्याण्णववर समई फुटलेली.
कुणी फोडली, लिहिलेलं नाही.
मला वाटलं, तिनंच.

आमच्या खोलीत मोरीवरच्या खिळ्याला
एक पेला वेगळा टांगलेला असतो.
चार दिवसांचा.
काठाला पोचा आलाय, तो आईच्या वेळचा.
मग माझा झाला. आता सोनलचा.
पहिल्यांदा तिच्या हातात दिला
तेव्हा तिनं विचारलं होतं, कोणी सांगितलं?
मी दातओठ खाल्ले नाहीत.
वीज नाही, काही नाही.
म्हटलं, पोहे घे, गार होतील.
लिंबूही पिळलं वरून.

शेठ म्हणाले, चाळीसच्या चाळीस उसवा.
दिवसभर दोरे कापले.
संध्याकाळी मोजदाद: एकोणचाळीस.
"एक कुठंय?"
सायराबी खळ ढवळत राहिली,
कधी नव्हे ती इतक्या मन लावून.

काल जेवणं झाल्यावर
सोनल मोरीच्या कठड्याला टेकून बसली,
डोक्यावर तो खिळा, मांडीवर पुस्तक.
मी भांडी विसळत होते.
पान उलटल्याचा आवाज येई,
मी मनात मोजत होते.
ऐंशीपाशी ती थांबली,
बोट जिभेला लावलं.